कर्मणी प्रयोग

गुरुवारी संध्याकाळी मेजर ट्राउटव्हाइन येतात,
ओली छत्री दाराशी टेकवून
डिव्हिजनच्या इतिहासाची आणखी दहा पानं
माझ्या टेबलावर ठेवतात.
पानाला तीस फेनिश, कार्बनच्या प्रतीसह पस्तीस.
होल्त्समिंडेनमध्ये याहून जास्त कुणी देत नाही.

अक्षर मोत्यासारखं.
बाणही सुबक, निळ्या पेन्सिलीचे,
नदी ओलांडणारे, जंगलाला वळसा घालणारे.
सतरा हजार माणसं, पाच हजार तीनशे घोडे.
घोड्यांचं प्रकरण मी दोनदा टाइप केलं,
मेजरांना मागाहून आणखी घोडे आठवले.
चिखलात गळ्यापर्यंत रुतलेली एक घोडी आहे, लोटे नावाची,
एकटीवर सव्वा पान.

माणसं मात्र या इतिहासात फारसं काही करत नाहीत.
पूल उडवला जातो.
धान्य ताब्यात घेण्यात येतं.
गाव रिकामं करण्यात येतं.
शाळेत बाई सांगायच्या,
धातूला ‘णारा’ लावा आणि विचारा, कोण?
उडवणारा कोण? घेणारा कोण?
मी विचारत नाही.
मशीनची एक कळ अडकते, ती नखाने सोडवते
आणि पुढे जाते.

परिशिष्ट सात. १४ डिसेंबर १९४१, लिपोव्का.
‘नमद्याचे बूट ताब्यात घेण्यात आले, जोड २१२.
पैकी लहान मापाचे ३१
निरुपयोगी ठरल्याने जाळण्यात आले.’

माझे आजोबा टोप्या करायचे.
नमदा जळला की केस जळल्यासारखा वास येतो,
घरातून तीन दिवस जात नाही.

कपाटात, चादरींच्या घडीखाली
एग्बर्टचं पत्र आहे, सोळा डिसेंबरचं.
‘टेक्ला, आता काळजी सोड. पाय ऊबदार आहेत.
बूट मिळाले. थोडे सैल, पण आत गवत
आधीच भरलेलं होतं.’

त्या पत्रावर मी आनंदाने रडले होते.
चर्चमध्ये मेणबत्ती लावली,
शेजारच्या ओटीलियाला दोनदा वाचून दाखवलं.
गवत कुणी भरलं होतं
हे तिनेही विचारलं नाही.
पुढच्या वर्षी एग्बर्ट बेपत्ता झाला.
तोही तसाच, कुणीही न केल्यासारखा.

रात्री मशीनवर कोरा कागद चढवला.

एग्बर्ट वाकतो.
एग्बर्ट एका बाईच्या पायातला बूट ओढतो.
बूट सैल आहे, चटकन निघतो.
दुसराही.
बाई बर्फात उभी आहे, तिच्या मागे लपलेल्या पोराकडे
एग्बर्ट बघतो.
मग त्याच्या पायांकडे बघतो.

पुढचं मला दिसलं नाही. दिसलं असतं
तर लिहिलं असतं का, तेही सांगता येत नाही.

गुरुवारी मेजरांनी पान दिव्याजवळ धरून वाचलं.
रागावले नाहीत. लाल पेन्सिल काढली, परत खिशात ठेवली.
‘फ्राउ ब्रांडिस, इतिहास असा लिहीत नाहीत.
आणि याला साक्षीदार कोण?’
चहा होता, तो त्यांनी अर्धाच प्याला.
जाताना वाया गेलेल्या पानाचेही
तीस फेनिश टेबलावर मोजून ठेवले.

ते स्वीकारण्यात आले.

नाही, खोडते. नीट लिहिते.
मी हात पुढे करते.
मी ते घेते.