साखळ्यांचे वेगळे

रात्री पावणेबाराला ऋजुताने करारपत्राचे फोटो धाडले
साल्झबुर्गच्या विमानतळावरून:
मागे रांग आहे बाबा, पटकन वाचा.

मी सराफ्यात, हातात गराडूचा द्रोण,
बोटांना जिरावन. मनगटानेच फोन सरकवत
जिलबीवाल्याच्या बल्बखाली उभा राहिलो.
बत्तीस वर्षं छावणीतल्या पत्र्याच्या शेडमधून
गाड्या भाड्याने दिल्या,
चार अँबॅसेडर, मग टवेरा, शेवटी उरली एक इंडिका,
आणि आमचं करारपत्र म्हणजे गुलाबी पावती:
टोल पार्टीचा. रात्रीचा भत्ता वेगळा.
उलटी झाल्यास धुलाई शंभर रुपये.

यांचं अकरा पानी. तरी ओळखीचंच निघालं.
टाकी भरून घ्या, भरून द्या.
दुसरा ड्रायव्हर असेल तर रोजचे इतके.
ओरखडा आधीचा असेल तर आत्ताच दाखवा, नंतर ऐकणार नाही
(हे मी किती जणांना ऐकवलं,
ओरखडा मला ठाऊक असताना).
आणि सातव्या पानावर, तळाशी, बारीक:
बर्फाच्या साखळ्यांचे वेगळे.

त्या नको, ती म्हणाली, रस्ते साफ असतात,
टायर हिवाळ्याचेच आहेत,
आणि देवव्रतच्या बुटांचं न् स्कीचंच भाडं बघा केवढं.

हिवाळ्याचे टायर.
आमच्याकडे टायर दोनच जातीचे,
चालतंय, आणि चालवून घे.
अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत खंडव्याला वऱ्हाड न्यायचं होतं.
गेंदालाल म्हणाला, सेठ, पीछे वाले में अब कुछ नहीं बचा.
मी म्हणालो, सीझन उरकू दे.
भेरूघाटात पहाटेचं धुकं,
वळणावर कुणा ट्रकचं सांडलेलं डिझेल.
वऱ्हाड वाचलं. आहेराची भांडी
किती तरी वेळ दरीत वाजत गेली म्हणे.
गेंदालालचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

घरी मी सांगितलं, ब्रेक फेल.
ऋजुता सहावीत होती.
अजून ती कुठल्याही गाडीत बसली
की चावी फिरवण्याआधी ब्रेक दाबून बघते.

साखळ्या घे, मी म्हणालो.
बाबा, दिवसाचे नऊ युरो!
घे. मी पाठवतो.
ती हसली. तिच्या मागे कुणीतरी जर्मनमध्ये खाकरलं.
घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो.
पांढऱ्या डोंगरापुढे पांढरी गाडी,
दारांच्या फटींवरून कळायचं, इथे गाडी आहे.
पुढच्या दोन चाकांना साखळ्या.
शेजारी देवव्रत उकिडवा, हातमोजे काळे,
आणि ती, नाक लाल, अंगठा वर.

मी स्कूटर काढली, मूसाखेडीला गेलो.
गेंदालाल उन्हात पाय सरळ सोडून
हरभऱ्याचे घाटे सोलत होता.
फोटो त्याने दोन बोटांनी ताणला.
डोंगर बाजूला सारला, जावई सारला,
माझी मुलगीही सारली,
आणि थेट चाकावर आला.
बराच वेळ तिथेच होता.

पीछे क्यों नहीं डाली?

मी समजावलं, त्या गाडीत पुढची चाकं ओढतात,
मागची नुसती मागून येतात.
पीछे वाला भी तो गाड़ी का ही है, सेठ.

मी तिथेच खाटेवर बसून टाइप केलं:
उतारावर मागची चाकं सांभाळ.
ते पुसलं.
लिहिलं, तेव्हा ब्रेक फेल झाला नव्हता.
गेलं. एकच टिक.
वर डोंगरात रेंज नसणार.

गेंदालालने मूठभर सोललेले दाणे
माझ्या ओंजळीत ओतले
आणि विचारलं,
वहाँ डीजल क्या भाव है.