आवक क्रमांक ४१७

सिव्हिल लाइन्स. मे महिना. कूलरच्या खसाला
झिंगरूजी सकाळीच चार बादल्या पाजून गेलेला.
खोलीत ओल्या गवताचा वास, आणि टेबलावर
एक देवमासा.

म्हणजे त्याची नस्ती.
अर्जदार : केतकी तांडेल, मुक्काम मालवण.
विषय : सागरी सस्तन प्राण्यांच्या संशोधनाकरिता
परवानगी मिळणेबाबत.

सत्तावीस वर्षं मी वाघांचे कागद लावले.
कॉलर, पिंजरा, पंजाचे ठसे, विष्ठेचे नमुने,
सगळ्याला रकाना होता.
तोच फॉर्म समुद्राला दिलेला.
कक्ष क्रमांक : तिनं लिहिलं, लागू नाही.
नियतक्षेत्र : लागू नाही.
जवळचा पाणवठा :
इथं तिनं काहीच लिहिलं नव्हतं,
नुसती एक आडवी रेघ, लांब,
रकान्याच्या बाहेर गेलेली.

डोंगरवार साहेब हसले नाहीत.
देवही नाही अन् मासाही नाही, म्हणाले,
पण अनुसूची एक. वाघाच्याच पंगतीत.
नियमानं चला.

मी नियमानं चालले. त्रुटी काढली :
नमुना म्हणून ‘उच्छ्वास’ असे नमूद आहे, किती मिलिलिटर?
उत्तर अकरा दिवसांनी टपालानं आलं.
तो वर येतो, श्वास सोडतो,
आम्ही ड्रोनला बशी बांधून
तुषारांतून मिळेल तेवढं घेतो.
कधी काहीच मिळत नाही.
मी समासात लिहिलं : प्रमाण अनिश्चित.
झिंगरूजीला विचारलं, तुम्ही पाह्यला का समुद्र?
नाही बाई. फुटाळा पाह्यला, भरलेला.
मीही तेवढाच.

मग तो मंगळवार. सव्वाबाराला फोन,
मागं वारा, माणसं, कुत्री.
मॅडम, एक किनाऱ्याला लागलाय. मेलाय.
चाळीस फूट. संध्याकाळी भरती आहे.
परवानगी आली तर कातडीचा एवढासा तुकडा,
नखाएवढा, ती म्हणाली. नखाएवढा.

साहेब मेळघाटात, रेंजच्या बाहेर.
माझ्याजवळ फक्त तारखेचा शिक्का,
तो मी उगाच कोऱ्या कागदावर उठवून पाहिला.
चिखलदऱ्याला तीनदा लावलं, परतवाड्याला लावलं.
एक वनरक्षक म्हणाला, साहेब येऊन राहिले,
पण कधी, ते नाही सांगता येत.

दर तासाला तिचा फोन. आधी ती बोलायची,
मग नुसताच चालू ठेवायची.
मी कूलर बंद करायला लावला.
शेहेचाळीस डिग्रीत, घामानं कानाला चिकटलेल्या रिसीव्हरमधून
समुद्र ऐकत बसले.
वरिष्ठ लिपिकेला शोभत नाही, पण बोलून गेले,
घ्या ना. कोण पाहून राह्यलं तिथं?
नाही मॅडम, ती म्हणाली, तुमच्याकडे नोंद हवी.
नोंद नसली की तो तुकडा म्हणजे नुसतं मांस.

सात वाजता म्हणाली, गेला.

सही शुक्रवारी झाली, हिरव्या शाईत :
अटींच्या अधीन मान्य.
खाली मी टिपणी घातली, कुणी मागितली नव्हती ती :
मंगळवार, १२.१५ ते १९.००, अर्जदार जागेवर हजर.
साहेबांनी वाचली. खोडली नाही.

डाक घेऊन जाताना झिंगरूजी दारात थांबला.
किती मोठा होता म्हणता?
चाळीस फूट.
म्हणजे?
मग आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये पावलं टाकत निघालो,
रेकॉर्ड रूमच्या दारापासून,
स्थापना शाखा, लेखा शाखा, पाण्याचा फिल्टर,
फिल्टरच्याही पुढं, नोटीस बोर्डापर्यंत.
तिथं त्यानं खडूनं खूण केली.

जेवणाची सुट्टी झाली, डबे घेऊन माणसं निघाली.
झिंगरूजी भिंतीला टेकून उभा होता.
मधून कुणी जायला लागलं की म्हणे,
जरा बाजूनं, भाऊ. जरा बाजूनं.