किती पायऱ्या

तिबिलिसीत आईच्या आवडीची
सगळी हॉटेलं तळघरात.
झुराब फोनवर मेनू विचारत नाही.
पायऱ्या किती, कठडा कुठल्या हाताला,
संडासाचं दार आत उघडतं की बाहेर.

"छे, एकच पायरी," परवा कुणी म्हणालं.
ती गुडघ्याएवढी निघाली.
त्सिआला म्हणाली, भूक नव्हतीच मला.

काल तो टेप घेऊन आधी एकटाच जाऊन आला.
बसडेपोमागचं कँटीन,
ट्यूबलाइट, ड्रायव्हरांचा गलका,
पण फरशी रस्त्याला लागून, सपाट.

वॉकर भिंतीला टेकवून
तिनं सात खिंकाली खाल्ल्या,
पिठाचे देठ ताटाच्या कडेला मांडले,
मोजले,
मग त्याच्या ताटात डोकावली:
"चारच?
एवढ्यात दमलास?"