एकोणिसावा

शेवटच्या फेरीला पुन्हा समोर तोच,
मिरजेचा इलाही सतारमेकर.
त्याच्या बोटांना लाखेचा वास,
माझ्या नखांत पेठेतली हळद.
अठरा डाव झाले आजवर.
चार त्यानं मारले, चार मी.
उरलेले दहा कुणाचेच नाहीत.

शाळेचा हॉल. वरचा पंखा
दर फेऱ्याला एकदा खट् करतो,
म्हणजे घड्याळं दोन नाहीत, तीन.
पांढरी माझ्याकडे.
पहिल्या पंधरा खेळ्या अंधारातसुद्धा
ओळखीची पायरी सापडावी तशा.
मग वजीर गेले. घोडे गेले.
माझा उंट मारला तेव्हा त्यानं तो
पटाबाहेर नीट उभा ठेवला,
वाळायला ठेवलेल्या भोपळ्यासारखा.

बारा वाजता हत्ती एकेक,
प्यादी दोन-दोन,
आणि माझ्या राजाच्या डोक्यावर पिवळा डाग.
तोच शह, तीच माघार,
अरुंद बोळात दोन माणसं
एकमेकांना वाट द्यायला सरकतात
आणि पुन्हा समोरासमोरच येतात तशी.
तिसऱ्यांदा
आरवाडेबाईंनी चष्मा कपाळावर घेतला.
हात आधी मी पुढं केला, की त्यानं?
अर्धा त्याला, अर्धा मला.
मिक्सर बक्षीस होता, तो
चौदा वर्षांच्या एका पोराला गेला.

संध्याकाळी आयर्विन पुलाच्या कठड्याशी
मध्ये भडंगाची पुडी. पट नव्हता,
बोलूनच मांडला.
"तू हत्ती खाली आणलास ना, तेव्हा मी घाबरलो."
"मीपण. म्हणून तर आणला."
खाली कृष्णा, मे महिन्यापुरती.

रात्री सव्वा वाजता फोन.
"झोपलास?"
"नाही."
"सदतिसावी. राजा एक घर बाजूला घेतला असतास,
तर जिंकला होतास रे."
आणि ठेवला.

आता माझी पाळी होती.
एक्केचाळिसावी. त्याचं कडेचं प्यादं
नुसतं एक घर पुढं.
मला हे घरी येऊन दिसलं, असं म्हणता येईल.
पण दिसलं ते तिथंच, पटावर.
मी श्वास धरून बसलो होतो,
आणि त्यानं हत्ती उचलला.

चार महिने झाले. जातो त्याच्याकडे.
तो जवारी घासतो, तार छेडतो,
कान लावून पुन्हा घासतो.
"काय म्हणतोस?" विचारतो.
सौद्याचा भाव सांगतो मी.

सांगेन.
विसावा झाला की.