नीट करून दिलेला ॲम्प

आर्विडचा पहिला धडा : डावा हात खिशात.
बंद ॲम्प म्हणजे मेलेला ॲम्प नव्हे.
कपॅसिटर चारशे व्होल्ट धरून बसतात,
काही माणसं एखादा शब्द धरून बसतात तसे,
वायर काढून किती वेळ झाला याच्याशी
त्यांना देणंघेणं नसतं.
दोन वर्षांत माझ्या तीन पँटींचे
डावे खिसे फाटले.

डुलूथमध्ये जानेवारीत सरोवर मिटतं.
खनिजाची जहाजं धक्क्याला थिजून उभी असतात,
आणि आमच्याकडे ॲम्प येतात,
बियर प्यायलेले, उंदरांनी पोखरलेले,
एक तर बर्फावरच्या घसरगाडीवरून,
मासळीच्या वासासकट.
आर्विड मागची फळी काढतो, स्विच टाकतो.
आधी काहीच नाही.
मग काचेच्या पोटात तांबूस धागा,
धूळ करपल्याचा वास,
आणि ती गुणगुण, जिला आर्विड
आता शांतताच समजतो.
चॉपस्टिकने तो एकेका व्हॉल्ववर टिचकी मारतो,
मडकं वाजवून घ्यावं तसा कान देऊन.

हॉलिस ग्रोंडालचा ॲम्प आला तेव्हा
त्याच्या स्पीकरचा कागद बोटभर फाटलेला.
‘कुणाचा बूट लागला?’ ‘माझाच,’ तो म्हणाला,
आणि पुढचं सांगितलं नाही.
आम्ही सगळं केलं. नवे व्हॉल्व, जोडीने मोजून.
नवा स्पीकर. नवे कपॅसिटर.
पडद्यावर लाट इतकी गुळगुळीत
की मला माझाच अभिमान वाटला.
त्याने एक कॉर्ड वाजवला, ई. संपेपर्यंत ऐकला.
‘छान,’ म्हणाला. पैसे मोजले.
सोमवारी परत दारात, ॲम्पसकट.
‘हा खरं बोलतो. पण मी असं बोलत नाही.’

मग त्याने कोटातून, थेट काखेतून,
एक पेडल काढलं. फझ. आत दोन जर्मेनियमचे दाणे.
थंडीत ते मुके होतात, म्हणून
ट्रकपासून इथपर्यंत त्याने त्यांना
अंडं उबवावं तसं आणलेलं.
बॅटरी मरायला टेकलेली.
‘बदलू?’ मी विचारलं.
हॉलिसने माझ्याकडे असं पाहिलं
की मी ड्रॉवर बंद केला.

त्या दिवशी मला कळलं, निदान थोडं.
तारेतून निघतो तो आवाज तसा बारकाच, जरा मुळमुळीत.
वाटेत ज्याला त्याला तो झेपत नाही,
आणि न झेपण्याची ज्याची त्याची रीत असते.
पेडल लाटेचं डोकं विळीवर धरतं.
व्हॉल्व ते तळहाताने थापतो.
जोरात छेडलं की वीज क्षणभर खचते,
ॲम्पला धाप लागते, तो खाली बसतो, उठतो,
आणि त्या उठण्यात
ऐकणारा पुढे झुकतो.
शेवटी फाटका कागद,
जो काहीच लपवू शकत नाही.

आर्विड जुने भाग वर्षभर टाकत नाही.
खोक्यावर नाव, तारीख.
जुना स्पीकर परत बसला, जुने व्हॉल्वही, विजोड.
कपॅसिटरला मात्र त्याने हात लावू दिला नाही :
‘जीव घेऊ शकतं ते नवं राहू दे.
नुसतं कुरकुरतं ते त्याचं त्याला.’
हॉलिसने पुन्हा ई वाजवला.
फट आमच्या हाताळण्यात जराशी वाढली होती.
‘जवळ आलंय,’ तो म्हणाला,
आणि पेडल काखेत ठेवून गेला.

शुक्रवारी मी बारमध्ये गेले.
बाहेर उणे बावीस, आत अकरा माणसं,
पाच पूलच्या टेबलाशी.
तिसऱ्या गाण्यात आवाज खाली बसला,
उठताना घोगरा झाला, आणि तो घोगरेपणा
माझ्या टाचांमधून वर आला.
मी ऐकत राहिले, डावा हात खिशात.
कुणी सांगितलं नव्हतं.