आडवी बाटली

टेबलावर तीन माहितीपत्रकं
आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून वर केळीच्या वेफरचा डबा.
पुण्याचं जाड, गुळगुळीत, पांढऱ्या कोटातली मुलं
नळीतल्या लाल रंगाकडे बघत उभी.
नाशिकचं मधलं. फी मात्र मधली नाही.
सांगलीकडचं झेरॉक्सचं, मागच्या पानावर शाई फुटलेली.

सावद्यापासून पाच किलोमीटरवर आमचं गाव, एप्रिल, चव्वेचाळीस.
मी वही आखली: फी, होस्टेल, प्रयोगशाळा, मळा.
पुण्याच्या 'मळा'खाली लिहिलं: सहल, वर्षातून दोनदा.

खेमचंदमामा केळीच्या काट्यावरून थेट आला, बनियनला चीक.
"काहून वं, आपल्या केळीले काय झालं?
केळ म्हंजे म्हैस, चारा-पाणी दे, उभी राहते.
द्राक्ष म्हंजे पोपट.
आज भुरी, उद्या डावणी, रात्री उठून पाहाले लागते."
मी म्हटलं, तेच शिकायचंय, रात्री उठून काय पाहायचं ते.
"आन् मंग त्याची दारू."
हे तो हळू बोलला, आईकडे न बघता.

कारण आई.
मी सातवीत असताना शाळेच्या खोलीत मतदान झालं होतं,
फक्त बायकांचं, चिठ्ठीवर दोन चित्रं:
एक बाटली उभी, एक आडवी.
महिनाभर आई दारोदार फिरली.
ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापुढे
हात सरळ धरायची, मग निजवायची.
अशी. अशीवर शिक्का.
दुकान गेलं. जागेवर आता मोबाइल रिचार्ज.

आई तीन दिवस काहीच बोलली नाही.
चौथ्या दिवशी म्हणाली, "भुसावळहून गाडी किती वाजता?"

नाशिकच्या कॉलेजात एक तडवी सर भेटले, मूळ यावलचे,
आईनं गाव ओळखलं तसे दोघं आपल्या बोलीत घुसले.
आईनं विचारलं, ह्या पोरी पितात का चाखतात?
चाखून थुंकतात, सर म्हणाले, त्याचीही परीक्षा असते.
"आमच्याकडचे तंबाखूवाले मंग सगळेच पास."

मग तळघर. थंड, ओल्या लाकडाचा वास.
भिंतभर बाटल्या. एकही उभी नाही.
"आडव्या काहून?"
बूच ओलं राहावं म्हणून, सर म्हणाले.
उभी ठेवली की बूच सुकतं, हवा शिरते, सगळं आंबतं.
आई बराच वेळ बघत राहिली, ओठ हलत होते, मोजत असावी.
"बाई गं," ती म्हणाली, "इथं तर आम्हीच निवडून आलो."

परतताना मनमाडला चहा घेतला.
हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

सांगलीला जायला पैसे उरले नव्हते, म्हणून फोन केला.
सात वेळा वाजला. आठव्यांदा कुणी बाई, धाप लागलेली:
"खरड छाटणी चालू आहे, सगळी पोरं मळ्यात,
क्लार्कसुद्धा. संध्याकाळी करा."
आणि ठेवून दिला.

मी वहीकडे पाहिलं. चार रकाने, नीट आखलेले.
ह्याला रकानाच नव्हता.

आई दाराशी कोयरीच्या फोडींना मीठ लावत होती.
"काय म्हने?"
सांगितलं.
"छाटणी क्लार्क करतो?"
हो.
"त्याले येते?"
ते नाही विचारलं.
"संध्याकाळी विचार."

संध्याकाळी विचारलं. नाही येत, म्हणाले,
दरवर्षी एखादं डोळ्याचं टोक जास्त कापतो.
आई हसली, पहिल्यांदाच, आणि पेन मागितलं.

आता ट्रंकेत वरच एक कात्री आहे, सावद्याच्या बाजारातून आणलेली.
दुकानदार म्हणाला पोलादी आहे, आईचा विश्वास बसला नाही.
मागं जाऊन केळीच्या एका वाळक्या पानावर
तिनं ती चालवून पाहिली.
केळीला कात्री लागत नाही, विळा लागतो,
हे तिला माहीत आहे.
तरी दोनदा चालवली.