पाणवठा क्रमांक सात

अकरा वर्षं मी दाजीपूरची तिकिटं दिली,
आधी फाडून, मग मशीनमधून,
आणि स्वतः कधी उतरले नाही.
डबल बेल दिली की जंगल मागं सरकायचं.

यंदा उतरणार होते.
वैशाखी पौर्णिमा. मचाणावर बसून रात्रभर मोजायचं
पाण्यावर कोण कोण येतं ते.
अर्ज मंजूर: कालिंदी खोत, मेहरून मुल्लाणी,
पाणवठा क्रमांक सात.
मेहरूननं कंट्रोल रूममधल्या कॅलेंडरवर
त्या तारखेला हिरवा गोल केला, डेपो मॅनेजरच्या डोळ्यांदेखत.

तीन वर्षं चाललं होतं हे.
एकदा तिच्या सासूचं ऑपरेशन,
एकदा संप, एकदा माझीच रजा नामंजूर.
यंदा दुसऱ्यांच्या ड्यूट्या ओढल्या,
लक्ष्मीपूजनाची एक, गगनबावडा मुक्काम दोनदा,
तेव्हा कुठं दोन दिवस साठले.

सूचनांचा कागद पाठ होता.
भडक कपडे नकोत. खाकी चालेल.
(केवढ्या हसलो आम्ही. खाकी म्हणे चालेल.)
गजरा नको, अत्तर नको, बोलायचं नाही.
मेहरून म्हणाली, रातभर न बोलता? तुझ्यासंगं?
अगं, आपल्याला बघायला गवे झाडावर चढतील.

आदल्या दिवशी चारला फोन आला.
वनरक्षक पोरगाच होता, आवाज कोवळा.
"मॅडम, टस्कर आलाय हद्दीत. एकटाच हाय.
साहेबांनी गणना रद्द केल्या."
म्हणजे जनावरं मोजायला जायचं होतं
आणि जनावर आलं म्हणून जायचं नाही.
मी "बरं" म्हणाले.
आठ आण्यांवरून घाटभर भांडलेली बाई मी,
आणि तिथं नुसतं "बरं".

दशम्या झाल्या होत्या. चटणी कुटलेली.
टॉर्चमध्ये नवे सेल.
भाच्याची दुर्बीण पिशवीत सगळ्यांत वर, पटकन हाताला यावी म्हणून.
पिशवी मी सोडली नाही. खुंटीला तशीच राहिली,
येता-जाता खांद्याला लागायची.

चंद्र वेळेवर आला.
त्याला कुणी कळवलं नव्हतं.

मेहरून म्हणाली, चल गंगावेशीत, कट्ट्यावर.
समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायलो उभ्या-उभ्या.
म्हशीनं मान वळवून बघितलं.
"गवा समज की," ती म्हणाली.
नाही समजले.
म्हैस ती म्हैस. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता,
बिल्ल्यावर नंबर. तिला मोजून झालं होतं.

मग बावड्यात माझ्या गच्चीवर दशम्या खाल्ल्या.
दोन वटवाघळं, एक बोका,
पलीकडच्या टाकीतून वाहून जाणारं पाणी.
मेहरून बाराला आडवी झाली आणि घोरायला लागली
अशी, की सात नंबरवर मुंगीसुद्धा फिरकली नसती.
त्यानं थोडं बरं वाटलं.
मग पुन्हा वाटेना.

तिसऱ्या दिवशी ड्यूटी लागली. कुठली, विचारू नका.
फाटकाला साखळी, साखळीला पाटी.
पुढच्या वळणावर तातोबा ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.
रस्त्याच्या मधोमध ढीग. ओला. अजून वाफ निघत होती.
माणसं एका अंगाला झाली, गाडी कलली,
एका म्हातारीनं तर हातच जोडले.
दोन्ही बाजूला कारवी, आत काही हलत नव्हतं,
किंवा हलत होतं आणि आम्हाला दिसत नव्हतं.

मी उतरले.
तातोबा म्हणाला, "बाई, वर या, खुळ्या झालासा काय?"

पैशांच्या बॅगेत तो तक्ता घडी घालून होताच.
बॉनेटला टेकून लिहिलं:
हत्ती. प्रत्यक्ष दर्शन, शून्य.
खूण, एक. वेळ, नऊ चाळीस.
सहीच्या दोन जागा होत्या. एकीवर केली.

मागनं कुणीतरी ओरडलं,
"ओ बाई, माझं सहा रुपय ऱ्हायल्यात!"